व्यंगचित्राखालची ओळ कळत नाही तेव्हा

चित्र पाहिले, खालची ओळ वाचली, शब्दन्‌शब्द समजला आणि तरीही हसू आले नाही, असे झाले की आपण बहुधा तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतो. माझा सल्ला उलटा आहे. ओळ हाताने झाकावी आणि निदान अर्धा मिनिट नुसते चित्र पाहावे: माणसे किती आहेत, तोंड कोणाचे उघडे आहे, कोण मानाने वरचा आणि कोण खालचा, समोर काय मांडले आहे. ओळ कोणाच्या तोंडची आहे हेच चुकले, तर पुढे कितीही डोके चालवले तरी विनोद हाती लागत नाही.

जॉर्ज दु मॉरिये यांचे ‘पंच’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या ९ नोव्हेंबर १८९५ च्या अंकातले चित्र यासाठी समोर धरावे. बिशपच्या टेबलावर न्याहारी चालली आहे. बिशप पाहुण्याला म्हणतात, ‘जोन्स, तुमच्या वाट्याला खराब अंडे आलेले दिसते.’ पाहुणा उत्तरतो, ‘छे छे, महाराज, त्याचे काही भाग अगदी उत्तम आहेत!’ वाक्ये सोपी आहेत; अडते ते नात्यापाशी. पाहुणा क्युरेट आहे, म्हणजे धर्मपीठाच्या उतरंडीत फार खालच्या पायरीवरचा धर्मोपदेशक, आणि यजमान त्याचे वरिष्ठ आहेत. साहेबांच्या घरच्या खारट आमटीला ‘छान झाली आहे’ म्हणणारा माणूस आपल्या ओळखीचा असतोच, पण क्युरेटची अडचण त्याहून मोठी आहे, कारण नासलेले अंडे सगळेच नासलेले असते आणि ते खराब असल्याचे यजमानांनी स्वतःच बोलून दाखवले आहे. चित्राचे शीर्षक ‘खरी नम्रता’ अशा अर्थाचे आहे, आणि ते वगळून वाचणे म्हणजे विनोदाचा एक धागा सोडून देणे होय.

आता ओळीतला एकेक शब्द बदलून पाहावा. ‘अगदी उत्तम’च्या जागी ‘बरे’ घातले तर उत्तर नुसते सभ्य होते आणि गंमत ओसरते. ‘काही भाग’ काढून ‘अंडे उत्तम आहे’ म्हटले तर ते साधे खोटे ठरते. ज्या शब्दाला हात लावताच हसू विरते, विनोद तिथे बसलेला असतो. ही युक्ती मला सर्वांत भरवशाची वाटते.

शब्दकोश मात्र यानंतर उघडावा. इंग्रजीत ‘क्युरेटचे अंडे’ हा वाक्प्रचार आज काहीसे चांगले आणि काहीसे वाईट अशा गोष्टीसाठी वापरतात. तो अर्थ आधी डोक्यात घेऊन चित्राकडे गेलात, तर अंड्याचा काही भाग खरोखरच चांगला असावा असे वाटू लागते आणि बिचाऱ्या क्युरेटची सगळी तारांबळ निसटून जाते.

राजकीय चित्र असेल तर सर्वांत आधी तारीख पाहावी. जॉन टेनिअल यांचे ‘ड्रॉपिंग द पायलट’ हे चित्र ‘पंच’मध्ये २९ मार्च १८९० रोजी आले. एक वयस्क, धिप्पाड माणूस जहाजाच्या शिडीवरून खाली उतरतो आहे आणि वरून मुकुट घातलेला तरुण त्याच्याकडे पाहतो आहे. आजच्या वाचकाला पायलट म्हटले की विमान आठवते. इथला पायलट मात्र जहाजाला बंदरातून वाट काढून देणारा वाटाड्या आहे, आणि ‘ड्रॉप’ हा शब्द, ‘तुला घरी ड्रॉप करतो’ असे आपण म्हणतो, त्याच अर्थाचा आहे. बिस्मार्क यांनी त्याच महिन्यात जर्मनीचे चॅन्सेलरपद सोडले होते आणि वरचा तरुण म्हणजे ३१ वर्षांचा कैसर दुसरा विल्हेल्म. वाटाड्या उतरला तो काम संपले म्हणून, की नव्या मालकाला तो नकोसा झाला म्हणून, हा प्रश्न त्या ओळीत दडला आहे. तारखेवाचून तो दिसत नाही.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर ओळ जेवढे सांगते तेवढेच खरे मानून पाहावे. अमेरिकेतील गॅरी लार्सन यांच्या १९८२ सालच्या एका चित्रात गाय दोन पायांवर उभी आहे, तिच्यापुढे टेबलावर चार ओबडधोबड वस्तू आहेत आणि खाली फक्त ‘गाईची अवजारे’ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. त्यांतली एक वस्तू करवतीसारखी दिसते, म्हणून उरलेल्या तीन वस्तू कोणत्या, हे शोधण्यात वाचक गुंतले आणि विचारणा इतकी वाढली की लार्सन यांना जाहीर खुलासा करावा लागला. गाईने अवजारे घडवलीच, तर ती अशीच बेढब होतील, एवढेच त्यांना म्हणायचे होते. करवतीसारखी वस्तू काढली हीच आपली चूक झाली, हेही त्यांनी पुढे मान्य केले.