कारखान्याचे कॅमेरे घरून दिसत नाहीत? आधी राउटरचा वॅन पत्ता बघा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे कॅमेरे घरी मोबाइलवर दिसावेत, एवढंच मावसभावाचं म्हणणं होतं. जो तो सांगतो, 'पोर्ट फॉरवर्डिंग करा', म्हणजे राउटरचं एक दार (पोर्ट) उघडून बाहेरची जोडणी कॅमेऱ्यांकडे वळवा. आधी हे करा.

कारखान्यातल्या राउटरच्या पानावर जा (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१) आणि वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता कागदावर लिहून घ्या.

माझ्या दोन रात्री इथेच गेल्या. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे आतले, बाहेरून न दिसणारे पत्ते, हे पाठ होतं. समोरचा पत्ता १०० ने सुरू होत होता, म्हणून तो बाहेरचाच असं धरून बसलो. शेजारी माग खडखडत होते आणि मी तोच पोर्ट पुन्हा पुन्हा उघडत होतो. दुसरा आकडा ७२ होता, तिकडे लक्षच गेलं नाही. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवलाय. आयपीव्ही-फोरचे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले, म्हणून एकच खरा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात आणि प्रत्येकाच्या राउटरला या पट्ट्यातला पत्ता देतात. बाहेरून येणारी जोडणी कंपनीच्या यंत्राशीच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी कोणी नवा राउटर घ्या म्हणालं, तर अजिबात घेऊ नका. १००.१२८ पासून पुढे मात्र साधे, बाहेरचे पत्ते आहेत.

यावर खरा इलाज आयपीव्ही-सिक्स, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. राउटरमध्ये वॅन आणि लॅन (आतली बाजू) दोन्हीकडे ते सुरू करा. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) २ ने सुरू होणारा पत्ता मिळायला हवा. 'एफई८०'ने सुरू होणारा पत्ता कारखान्याच्या जाळ्याबाहेर चालत नाही.

राउटरची फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारी भिंत) मुळीच बंद करू नका! इथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा खुला पत्ता असतो, आडोसा तेवढाच. फक्त डीव्हीआरचा पत्ता, फक्त त्याचा एक पोर्ट उघडा, आणि त्याआधी डीव्हीआरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदला. पत्ता अधूनमधून बदलतो, त्यासाठी डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सोय) लावा.

तपासताना मोबाइलचं वाय-फाय बंद करून डेटावर बघा.

आयपीव्ही-सिक्सचा आराखडा १९९८ सालचा, तरी ते न चालणारे डीव्हीआर अजून विकले जातात, याचा मला मनापासून राग येतो. तुमचा तसाच निघाला, तर इंटरनेटवाल्याकडे स्टॅटिक पब्लिक आयपी (न बदलणारा, बाहेरून पोचता येणारा पत्ता) मागा. त्याचे वेगळे पैसे पडतात. तो मिळाला की मग पोर्ट फॉरवर्डिंग करा.