एमए इंग्लिशला आलात? मग आधी ‘ऑफ’ वाचायला शिका

थिअरी, इझम वगैरे हळूहळू होतंच, पण नवीन आलेल्या पोरापोरींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते की आधी त्या दोन अक्षरी ऑफकडे (of) नीट बघा. शाळेत ऑफ म्हणजे चा-ची-चे एवढंच घोकून घेतलेलं असतं आणि तेवढ्यावर जुनी कविता उघडली की गाडी अडते.

मिल्टनचं महाकाव्य पॅराडाइज लॉस्ट (१६६७) घ्या. पहिलाच शब्द ऑफ! ‘ऑफ मॅन्स फर्स्ट डिसओबीडियन्स, अँड द फ्रूट’, आणि दुसरी ओळ पण ऑफनेच, ‘ऑफ दॅट फॉरबिडन ट्री’. पण दोन्ही वेगळे बरं का, दुसरा साधा झाडाचं फळ-वाला आणि पहिला ‘च्याविषयी’. आता त्या पहिल्या ऑफचं क्रियापद शोधा, ते येतं थेट सहाव्या ओळीत, ‘सिंग, हेवनली म्यूज’, म्हणजे आज्ञाभंग झाला, फळ खाल्लं, मरण आलं, ईडनची बाग हातची गेली, मग कुणी थोर पुरुष येऊन सोडवणार, एवढं सगळं होईपर्यंत वाक्य लोंबकळतच असतं आणि मग कळतं की हे सगळं ‘गा’ म्हणून देवतेला घातलेलं साकडं आहे. हे मोठ्याने वाचा. मनात वाचून तो ताण कळत नाही.

बेकनच्या ऑफ ट्रूथ, ऑफ स्टडीज या निबंधांमधला ऑफ पण ‘विषयी’वालाच, ‘दे’ (de, म्हणजे ‘विषयी’) ने सुरू होणाऱ्या लॅटिन शीर्षकांची सवय.

शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये मात्र अख्खं नाटक ऑफवर उभं आहे असं माझं मत. दिवा बंद करतो तो दोन एफवाला ऑफ आणि हा मुळात एकच शब्द, त्यामुळे याचा जुना अर्थ ‘पासून’. ‘नन ऑफ वुमन बॉर्न’, म्हणजे बाईपासून जन्मलेला कुणीच, तुला इजा करणार नाही असं भाकीत ऐकून मॅकबेथ निर्धास्त होतो, आणि त्याचा शत्रू मॅकडफ निघतो आईचं पोट फाडून वेळेआधी काढलेला, म्हणजे त्या अर्थाने ‘जन्मलेला’ नाहीच.

स्टाइनबेकच्या कादंबरीचं शीर्षक ऑफ माइस अँड मेन (१९३७) आलंय बर्न्सच्या १७८५ च्या कवितेतून. तिथे बेत उंदरांचे नि माणसांचे, साधी षष्ठी. स्टाइनबेकने ‘बेत’ शब्द कापला, आणि तोच ऑफ एकदम ‘उंदीर आणि माणसं यांच्याविषयी’ असा ऐकू यायला लागला. मला हे भयंकर आवडतं!

सरावाला शेक्सपिअरच्याच हॅम्लेटचं टू बी-वालं स्वगत घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक ऑफला गोल करा. ‘सी ऑफ ट्रबल्स’मध्ये संकटं हाच समुद्र आहे, ‘व्हिप्स अँड स्कॉर्न्स ऑफ टाइम’मध्ये चाबूक मारणारा काळ, तर ‘पँग्ज ऑफ डिस्पाइज्ड लव्ह’मध्ये प्रेम हे कळांचं कारण. मग तिथेच ‘द लॉज डिले’ (कायद्याची दिरंगाई) बघा, तिथे ऑफ सोडून ॲपॉस्ट्रॉफी घेतलीय, ती का, ओळीची लय दोन्ही प्रकारे म्हणून बघा आणि वहीत लिहा. नेट-सेटच्या उताऱ्यांना हा सराव खूप कामी येतो.