शून्य दिसलं म्हणजे शून्य मोजलं, असं नाही: आकडे साफ करताना या चुका टाळा

मशीन लर्निंग शिकायला घेतलं की बहुतेकांच्या हाती पिमा मधुमेहाचा डेटासेट लवकरच येतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमा समाजाच्या ७६८ स्त्रियांच्या या नोंदी. फाइलमध्ये एकही जागा रिकामी दिसत नाही, आणि फसगत इथेच होते. ३५ जणींचा रक्तदाब शून्य, ११ जणींचा बीएमआय शून्य, ५ जणींच्या रक्तातली साखर शून्य! जिवंत माणसात हे शक्यच नाही. मोजमाप नव्हतं तिथे शून्य पडलंय. इन्सुलिनच्या रकान्यात तर अशी ३७४ शून्यं आहेत. ती धरून सरासरी ७९.८ येते, वगळून १५५.५.

हे लक्षात आलं की काहीजण एका फटक्यात सगळ्या रकान्यांतली शून्यं पुसतात. तसं करू नका. गर्भधारणांच्या रकान्यातली १११ शून्यं अगदी खरी आहेत, आणि निकालाच्या रकान्यात शून्य म्हणजे मधुमेह नाही. कुठल्या रकान्यात शून्य असू शकतं, हे आधी कागदावर लिहून काढा. ते विषय समजूनच ठरतं, कोड लिहून नाही.

अपुऱ्या ओळी सरसकट उडवल्या तर ७६८ पैकी ३९२ उरतात. निम्मा डेटा गेला.

मग गायब आकड्यांच्या जागी मध्यक (सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले की मधोमध येणारा आकडा) भरायचा, तर क्रम सांभाळा. शून्यं न काढता काढलेला इन्सुलिनचा मध्यक ३०.५ येतो, काढल्यावर १२५.

यापेक्षा मोठी चूक मला वारंवार दिसते आणि तिची खरंच काळजी वाटते. मधुमेह असलेल्यांचा मध्यक १६९.५, नसलेल्यांचा १०२.५, म्हणून निकाल पाहून ज्याच्या त्याच्या गटाचा आकडा भरला जातो. मॉडेलची अचूकता झपाट्याने वाढते, कारण उत्तर आपणच प्रश्नात लिहून ठेवलेलं असतं. उद्या नवी रुग्ण समोर आली की तिचा निकाल कुठून आणणार? मध्यक फक्त ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेल ज्यावर शिकतं त्या भागावरून काढा, निकालाकडे न पाहता. मूल्य मुळात गायब होतं हे सांगणारा एक वेगळा रकानाही जोडा. पुढे तो उपयोगी पडतो.

पांडाजमध्ये (pandas, डेटा हाताळायची पायथनमधली लायब्ररी) आणखी दोन ठिकाणी गाडी अडते. नॅन (NaN, म्हणजे गायब मूल्याची खूण) स्वतःच्याही बरोबरीचं नसतं, त्यामुळे ‘बरोबर’च्या चिन्हाने शोधलं तर एकही सापडत नाही, त्यासाठी इझएनए (isna) वापरा. दुसरं, मजकुराचे आकडे करणाऱ्या टू_न्यूमेरिकला (to_numeric) ‘कोअर्स’ (coerce) सांगितलं की न कळलेला मजकूर ते गुपचूप नॅन करतं. आपल्याकडच्या हिशेबाच्या फाइलमधलं १,२५,००० स्वल्पविरामांमुळे असंच नाहीसं होतं. म्हणून रूपांतराआधी आणि नंतर नॅन मोजा. संख्या वाढली असेल तर त्या ओळींतला मूळ मजकूर छापून बघा, स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह, मोकळ्या जागा काढा आणि पुन्हा चालवा.