नोड व्होल्टेज पद्धतीने सर्किट कसे सोडवावे आणि मीटरने उत्तर कसे तपासावे

सर्किटमध्ये एकच सप्लाय आणि दोन-तीन रेझिस्टर असतील तर ओहमचा नियम (करंट = व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स) पुरतो. दुसरा सप्लाय आला की ती सोय संपते. कोणता रेझिस्टर कोणाला समांतर आहे हे ठरत नाही आणि करंटच्या दिशेचा अंदाजही फसतो. अशा वेळी प्रत्येक रेझिस्टरमधला करंट शोधत बसू नये. आधी नोडचे, म्हणजे जोडबिंदूंचे, व्होल्टेज काढावेत. ते मिळाले की सगळे करंट वजाबाकी आणि भागाकाराने निघतात. या पद्धतीला आधार आहे तो किरचॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या नियमाचा: नोडमध्ये जेवढा करंट येतो, तेवढाच बाहेर पडतो.

उदाहरणासाठी हे सर्किट कागदावर काढून घ्या.

- १२ व्होल्ट सप्लायच्या प्लसपासून नोड क पर्यंत र१ = १ किलोओहम
- क पासून ग्राउंडपर्यंत र२ = २ किलोओहम
- क आणि ख यांच्यामध्ये र३ = १ किलोओहम
- ख पासून ग्राउंडपर्यंत र४ = २ किलोओहम
- ख पासून ५ व्होल्ट सप्लायच्या प्लसपर्यंत र५ = १ किलोओहम

दोन्ही सप्लायचे मायनस एकमेकांना जोडलेले आहेत. तेच ग्राउंड.

पायरी १: नोड ओळखा

आकृतीत ठळक टिंब दिसले की तो एक नोड, असे समजू नका. रेझिस्टर किंवा सप्लाय न ओलांडता तारेवरून बोट जिथपर्यंत फिरवता येते, तो सगळा भाग मिळून एकच नोड होतो, मग ती तार कितीही लांब आणि वळणावळणाची असो. प्रत्येक नोड वेगळ्या रंगाने रंगवला की एकाच नोडला दोन नावे देण्याची चूक होत नाही. ज्या नोडला सर्वांत जास्त भाग जोडलेले असतील त्याला ग्राउंड माना आणि त्याचा व्होल्टेज ० धरा.

आपल्या सर्किटमध्ये पाच नोड आहेत. त्यांपैकी तीन आधीच माहीत आहेत: ०, १२ आणि ५ व्होल्ट. अज्ञात फक्त क आणि ख, म्हणून समीकरणे दोनच लागतील. हेच सर्किट लूप पद्धतीने (प्रत्येक बंद मार्गाचे एक समीकरण लिहून) सोडवायचे तर तीन लूप, म्हणजे तीन समीकरणे. कोणती पद्धत घ्यायची हे असे मोजून ठरवावे.

पायरी २: समीकरणे लिहा

बऱ्याच चुका इथे होतात, आणि त्या अनेकदा चिन्हांच्या असतात. त्यावर उपाय एकच: प्रत्येक नोडपाशी सगळे करंट बाहेर जात आहेत असे धरा. खरी दिशा कोणती याचा विचार आत्ता करूच नका. ज्या नोडचे समीकरण लिहीत आहात त्याचा व्होल्टेज आधी, त्यातून शेजारच्या नोडचा व्होल्टेज वजा, आणि भागिले मधला रेझिस्टर. अशा सर्व पदांची बेरीज शून्य.

एककेही आधीच ठरवा. व्होल्टला किलोओहमने भागले की उत्तर थेट मिलिअँपियरमध्ये येते, त्यामुळे हजाराचे गुणाकार लिहावे लागत नाहीत. मात्र एखादा रेझिस्टर ४७० ओहमचा असेल तर तो ०.४७ असाच लिहायला हवा. एकाच समीकरणात ओहम आणि किलोओहम मिसळले की उत्तर हजारपट चुकू शकते.

नोड क: (क − १२)/१ + क/२ + (क − ख)/१ = ०
नोड ख: (ख − क)/१ + ख/२ + (ख − ५)/१ = ०

पदे एकत्र केल्यावर:

२.५ क − ख = १२
− क + २.५ ख = ५

पुढे जाण्याआधी एक नजर टाका. क च्या समीकरणात क चा आणि ख च्या समीकरणात ख चा सहगुणक धन हवा, शेजाऱ्याचा ऋण हवा. शिवाय पहिल्या समीकरणातला ख चा सहगुणक आणि दुसऱ्यातला क चा सहगुणक सारखे हवेत (इथे दोन्ही −१). फक्त रेझिस्टर आणि ठरावीक व्होल्टेजचे, एका टोकाने ग्राउंडला जोडलेले सप्लाय असतील तर हे नेहमीच जुळते. जुळले नाही तर चिन्ह चुकले आहे.

पायरी ३: सोडवा आणि करंट काढा

पहिल्या समीकरणावरून ख = २.५ क − १२. हे दुसऱ्यात घातले की ५.२५ क = ३५, म्हणून क = ६.६६७ व्होल्ट आणि ख = ४.६६७ व्होल्ट. आता करंट:

- र१: १२ − ६.६६७ = ५.३३३ मिलिअँपियर, क कडे
- र२: ६.६६७/२ = ३.३३३ मिलिअँपियर, ग्राउंडकडे
- र३: ६.६६७ − ४.६६७ = २ मिलिअँपियर, क कडून ख कडे
- र४: ४.६६७/२ = २.३३३ मिलिअँपियर, ग्राउंडकडे
- र५: ४.६६७ − ५ = −०.३३३ मिलिअँपियर

र५ चे उत्तर ऋण आले, ही चूक नव्हे. आपण करंट ख पासून बाहेर जातो असे धरले होते, प्रत्यक्षात तो ५ व्होल्ट सप्लायकडून ख मध्ये येतो. समीकरणात परत जाऊन चिन्ह बदलू नका, नाहीतर बरोबर उत्तर बिघडेल.

पायरी ४: कागदावरच पडताळा घ्या

क पाशी ५.३३३ येतात, ३.३३३ आणि २ जातात. ख पाशी २ आणि ०.३३३ येतात, २.३३३ जातात. दोन्हीकडे हिशेब जुळतो.

पॉवरचा पडताळा त्याहून कडक आहे. १२ व्होल्टचा सप्लाय ६४ मिलिवॅट देतो आणि ५ व्होल्टचा १.६६७, एकूण ६५.६६७. पाचही रेझिस्टरमधली उष्णता (करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स) अनुक्रमे २८.४४४, २२.२२२, ४, १०.८८९ आणि ०.१११ मिलिवॅट, बेरीज तीच. यातून आणखी एक गोष्ट कळते: पाव वॅटचे रेझिस्टर इथे निर्धास्त चालतील.

दोन अज्ञात नोडमध्ये सप्लाय असेल तर

र३ काढून त्याजागी ३ व्होल्टचा सप्लाय आला, प्लस क कडे, असे समजा. सप्लायमधला करंट ओहमच्या नियमाने लिहिता येत नाही, त्यामुळे पायरी २ अडते. तेव्हा क आणि ख यांना मिळून एक मोठा नोड मानायचा आणि दोघांतून बाहेर जाणारे करंट एकाच समीकरणात लिहायचे:

(क − १२)/१ + क/२ + ख/२ + (ख − ५)/१ = ०

दुसरे समीकरण सप्लाय स्वतःच देतो: क − ख = ३. उत्तर क = ७.१६७ आणि ख = ४.१६७ व्होल्ट. नोड क चा हिशेब केला की या सप्लायमधून १.२५ मिलिअँपियर प्लसमधून आत शिरतो असे दिसते, म्हणजे तो पॉवर देत नाही, घेतो. तिथे चार्ज न होणारे साधे सेल लावले तर ते उलटे चार्ज होऊ पाहतील. म्हणून हे रूप कागदावरच सोडवा.

ब्रेडबोर्डवर मोजताना

मूळ सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या छिद्रांच्या बोर्डवर, जोडा. घरातल्या मेन्सच्या वायरिंगवर हा सराव कधीही करू नका. काळा प्रोब ग्राउंडवर ठेवून क आणि ख चे डीसी व्होल्टेज मोजा. रेझिस्टर ५ टक्के टॉलरन्सचे (छापील किमतीपेक्षा तेवढे कमी-जास्त असू शकणारे) असतील तर आकडा दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे होणारच. त्याहून मोठा फरक दिसला तर आधी दोन्ही सप्लायचे मायनस खरेच जोडले आहेत का ते बघा. ब्रेडबोर्डवर ही जोडणी अनेकदा राहून जाते.

करंटसाठी सर्किट तोडायची गरज नाही. रेझिस्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा आणि त्याच्या खऱ्या किमतीने भागा. ती किंमत जोडणीपूर्वी, रेझिस्टर सुटा असताना मोजून ठेवा. सर्किटमध्ये असताना मोजली तर शेजारचे मार्गही मोजमापात येतात. मीटर करंटच्या रेंजवर असताना प्रोब सप्लायच्या दोन टोकांना लावले तर शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज उडतो.

मोठ्या रेझिस्टरवर मीटरच सर्किट बदलतो. बऱ्याच डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एका रांगेत जोडले तर मधल्या बिंदूला हिशेबाने ५ व्होल्ट हवेत, मीटर मात्र सुमारे ४.७६ दाखवतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. हिशेबात मीटरचे १० मेगाओहम समांतर धरले की ते जुळतात.

हिशेब बरोबर, तरी सर्किट वेगळे वागते

र४ निसटला असे समजून मूळ समीकरणे पुन्हा सोडवा. ख ६.१२५ व्होल्ट येतो आणि १.१२५ मिलिअँपियर ५ व्होल्ट सप्लायमध्ये शिरतो. कागदावरचा सप्लाय हा करंट मुकाट्याने घेतो, पण बहुतेक साध्या रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर राखणाऱ्या) सप्लायना करंट देता येतो, घेता येत नाही. मग त्यांचेच आउटपुट वर ढकलले जाते. सप्लायने काहीच करंट घेतला नाही तर र३ आणि र५ मधून करंट वाहत नाही, फक्त र१ आणि र२ उरतात, आणि क, ख व ५ व्होल्टची लाइन तिन्ही ८ व्होल्टपर्यंत चढू शकतात. त्या लाइनवर ५ व्होल्टची चिप असेल तर ती जळू शकते. म्हणून करंटच्या यादीत सप्लायच्या प्लसमध्ये शिरणारा करंट दिसला की तो सप्लाय करंट घेऊ शकतो का हे त्याच्या माहितीपत्रकात तपासा. घेऊ शकत नसेल तर त्या लाइनवरून ग्राउंडला असा रेझिस्टर लावा की ५ व्होल्टला त्या रेझिस्टरमधून, सप्लायमध्ये शिरणाऱ्या करंटपेक्षा जास्त करंट वाहील. इथे ५ भागिले १.१२५ म्हणजे ४.४४ किलोओहम, तेव्हा त्याहून लहान ३.३ किलोओहम चालेल.