पहिले क्रिप्टो वॉलेट: आधी बारा शब्द, मग पैसे

वॉलेटमध्ये नाणी साठवलेली असतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बिटकॉइनची नोंद जगभरातील संगणकांवर ठेवलेल्या सार्वजनिक खातेवहीत राहते आणि वॉलेट सांभाळते ती फक्त रक्कम पुढे पाठवण्यासाठी लागणारी खासगी किल्ली. एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, ॲपमध्ये दिसणारी शिल्लक एक्सचेंजच्या किल्लीखाली असते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांना स्वतःचेच पैसे काढता येईनासे झाले होते.

किरकोळ रकमेसाठी फोनवरील वॉलेट पुरते. ते मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही तपासता येतो असे, असावे आणि त्याच्या किल्ल्या तुमच्याच हाती असाव्यात. बिटकॉइनसाठी ब्लूवॉलेट आणि इलेक्ट्रम हे जुने, परिचित पर्याय आहेत. सारख्या नावाची बनावट ॲप्स आढळत असल्याने ॲप नेहमी निर्मात्याच्या संकेतस्थळावरील दुव्यावरूनच घ्यावे. गेली तर झोप उडेल एवढी रक्कम झाली, की ट्रेझर किंवा लेजरसारखे स्वतंत्र उपकरण घ्यावे. त्याच्या खोक्यात वॉलेटचे गुप्त शब्द (त्यांच्याविषयी पुढे) आधीच लिहून आलेले असतील, तर ते उपकरण वापरू नये.

वॉलेट तयार होताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवले जातात. यालाच सीड फ्रेज म्हणतात. फोन हरवला तरी या शब्दांवरून सगळे परत मिळते, आणि हेच शब्द दुसऱ्याच्या हाती लागले तर त्यालाही सगळे मिळते. म्हणून त्यांचा स्क्रीनशॉट घेऊ नये, कारण फोटो आपोआप क्लाउडवर चढतात; व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणेही तितकेच धोक्याचे. मदतीच्या नावाखाली जो कोणी हे शब्द मागतो, तो चोरच असतो, याला मी एकही अपवाद मानत नाही.

शब्द क्रमाने कागदावर लिहून झाले, की पैसे टाकण्याआधी एक तालीम अवश्य करावी. वॉलेटचा पहिला पत्ता, म्हणजे रक्कम स्वीकारण्यासाठी दिली जाणारी अक्षरे-अंकांची लांब ओळ, टिपून घ्यावा, ॲप पूर्ण काढून टाकावे, पुन्हा बसवावे आणि कागदावरचे शब्द भरून तोच पत्ता दिसतो का, हे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. शब्द लिहिताना चूक झाली असेल, तर रिकाम्या वॉलेटवर ती फुकट पडते.

कागदाचा मात्र भरवसा नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात तळमजल्यावरील कितीतरी घरांत पाणी शिरले, आणि एरवीही उन्हाळाभर कूलरच्या ओलाव्याने कपाटातले कागद सर्द होतात. त्यासाठी शब्द स्टीलच्या पट्टीवर उमटवून ठेवावेत. हे शब्द ज्यातून निवडले जातात, त्या बीआयपी-३९ या प्रचलित मानकाच्या इंग्रजी यादीतील २०४८ शब्दांपैकी कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतात, त्यामुळे बारा शब्दांसाठी फार तर ४८ अक्षरे पुरतात. भांड्यांवर नाव घालून देणाऱ्या कारागिराकडे हे काम कधीही देऊ नये. अक्षरांचे पंच आणून घरी, दार लावून, स्वतःच ठोकावेत. पट्टी कुठे ठेवली आहे, हे घरातील एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे, नाहीतर तुमच्यामागे ती रक्कम कायमची अडकून पडेल.

खातेवही सार्वजनिक असल्याने एकच पत्ता सगळ्यांना दिला, तर त्यावरील सारी आवक कुणालाही पाहता येते. तेव्हा दर वेळी नवा पत्ता द्यावा. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विक्रीवर साधारणतः १ टक्का टीडीएस कापला जातो, म्हणून प्रत्येक व्यवहाराची तारीख व रक्कम वहीत लिहावी. पाठवताना कॉपी केलेला पत्ता एखादा घातक प्रोग्राम मधेच बदलू शकतो. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे पाहून न थांबता पूर्ण पत्ता ताडावा, आधी थोडीच रक्कम पाठवावी आणि ती पोहोचल्यावरच उरलेली पाठवावी.