कॅबिनेटचं बटण दाबूनही कॉम्प्युटर चालू होत नाही? या चुका टाळा

‘भाऊ, बटन दाबस पन चालूच व्हस नही,’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, जातो. त्यात चूक काही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वादळवारं सुटलं की जळगाव-धुळ्याकडे लाइटचा खेळ सुरू होतो आणि त्या दिवसांत एसएमपीएस खरोखर उडतात. पण नवा एसएमपीएस बसवूनही मशीन ढिम्म हलत नाही, तेव्हा समजतं की बिघाड होता कॅबिनेटच्या तोंडावरच्या छोट्याशा स्विचमध्ये.

हे बटण विजेचा मुख्य प्रवाह तोडत-जोडत नाही. दाबलं की दोन तारा क्षणभर एकमेकींना चिकटतात, मदरबोर्डला (सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पाटीला) इशारा मिळतो आणि मग बोर्डच एसएमपीएसला ‘चालू हो’ म्हणून सांगतो. एवढं ध्यानात आलं तर पुढचे बरेच गोंधळ होतच नाहीत.

कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीचा स्विच, यूपीएस आणि एसएमपीएसच्या पाठीमागचा काळा स्विच बघून घ्या. झाडपूस करताना तो पाठचा स्विच हमखास बंद होतो. बऱ्याच मदरबोर्डांवर वीज पोचली की एक छोटा दिवा लागतो. तो दिसला तर निदान वीज बोर्डापर्यंत येते आहे. मात्र असा दिवा प्रत्येक बोर्डावर नसतो, तेव्हा तो दिसला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बटण वेगळं न काढता निदान करणं. कॅबिनेटचं झाकण काढा. पुढच्या पॅनेलकडून येणाऱ्या बारीक वायरींपैकी ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेलं दोन छिद्रांचं टोक बोर्डावरून उपसा आणि उघड्या पडलेल्या त्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर लावा. मशीन सुरू झालं, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. नाही झालं, तर बटण बहुधा निर्दोष आहे, पुढे एसएमपीएस आणि बोर्ड तपासा. यात अंदाजाने पिना धरू नका. नेहमीच्या नऊ पिनांच्या मांडणीत पॉवर स्विच ६ आणि ८ क्रमांकावर असतो, मशीन पुन्हा सुरू करणारं रीसेट बटण ५ आणि ७ वर. पण ९ क्रमांकाच्या पिनेवर बऱ्याच बोर्डांत पाच व्होल्ट असतात, तिथे पेचकस घसरला तर बोर्डाला धोका. त्यामुळे आधी बोर्डावरची छापील अक्षरं वाचा. उलटसुलट लागल्याची चिंता स्विचच्या वायरीला नसते, ती पुढच्या पॅनेलवरच्या दिव्याच्या वायरीला असते.

मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत आपोआप बंद पडत असेल, तर रॅम पुसत बसण्याआधी बटण आत अडकलंय का ते बघा. पॉवर बटण सुमारे चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, आणि अडकलेलं बटण बोर्डाला तेच सांगत असतं. वायर काढून पेचकसाने सुरू केलेलं मशीन नीट चाललं, तर चोर सापडला. जिनिंगच्या ऑफिसात, कापसाच्या हंगामात, फरशीवर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये सरकीचं तूस आणि धूळ पॅनेलच्या फटीत जाऊन बसते. तिथे हा प्रकार फार.

अशा अडकलेल्या बटणात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडणारे लोक आहेत. दोन दिवस बटण गुळगुळीत चालतं, मग त्याच तेलावर धूळ चिकटून चिखल होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करायचा फवारा) वापरा, तोही वीज काढून, आणि सुकू द्या. तुटलेल्या प्लास्टिकवर फेविक्विक टाकणं त्याहून वाईट, एक थेंब आत ओघळला की स्विच कायमचा बसला. पुढचं पॅनेल काढताना जोर लावू नका, आतून कडेच्या क्लिपा दाबा.

नवा स्विच मिळेपर्यंत सोपा तोडगा म्हणजे रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावणं. दोन्ही बटणं एकाच जातीची. रीसेट नसेल तर दारावरच्या बेलचं बटण वेगळ्या वायरीने जोडलं तरी चालतं, फक्त घरच्या विजेशी त्याचा संबंध नको. पंख्याचा खटका मात्र लावू नका, तो दाबलेलाच राहतो आणि मशीन पुन्हा चार सेकंदांत बंद.

काही जण बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘वीज आली की आपोआप सुरू’ ही सोय चालू करून बटणाला रजा देतात. मला हे आपल्या भागात पटत नाही. दुपारी तीनदा लाइट गेली तर मशीन तीनदा उठणार, तिन्ही वेळा अर्धवट बंद होऊन, आणि हार्ड डिस्कला ते मानवत नाही.

एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या जोडणीतली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून बघण्याची युक्तीही सगळ्यांना माहीत असते. ती बोर्डापासून जोडणी काढूनच करा, आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं समजू नका. भार पडल्यावर तो व्होल्टेज टिकवतो की नाही, हे त्यातून कळत नाही. ब्रँडेड तयार संचांत तर वायरींचे रंग आणि पिनांची मांडणी वेगळी असू शकते, त्यामुळे तिथे मॅन्युअल बघितल्याशिवाय कुठलीही वायर जोडू नये.