शेवटच्या ओळीत तुमचं नाव शोभेल असं गाणं कसं लिहावं

तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं, नामदेवांच्या 'नामा म्हणे', चोखोबांच्या 'चोखा म्हणे'. याला नाममुद्रा म्हणतात. मला ती वरच्या सगळ्या ओळींची जबाबदारी घेणारी सही वाटते. म्हणून गाणी लिहायला लागलेल्या प्रत्येकाला मी एक कस सांगतो. आपलं गाणं पूर्ण झालं की शेवटी मनातल्या मनात स्वतःचं नाव घालून 'म्हणे' म्हणा. नाव उपरं वाटलं, तर वरच्या ओळी अजून दुसऱ्या कुणाच्या आहेत.

माझ्या पहिल्या वीसेक गाण्यांत चांदणं, धुकं, प्राजक्त आणि समुद्र होता. मी लातूरकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी. पुढे जे शिकलो, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी शब्दांची वही

पहिले पंधरा दिवस गाणं लिहू नका. एक छोटी वही खिशात ठेवा आणि तुमच्या घरात, कामावर, गल्लीत खरोखर बोलले जाणारे शब्द टिपा. कामाचे शब्द आधी. शिवणकाम करत असाल तर काज, अस्तर, टीप. रिक्षा चालवत असाल तर पासिंग, भाडं, मीटर. माझ्या वहीत पहिल्या दिवशी आलं: तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), कडबा, कोळपणी, उधारी.

हे शब्द गाण्यात शोभतील का, असं वाटेल. सावता माळ्यांच्या अभंगात कांदा, मुळा आणि भाजीच विठाबाई होते. नरहरी सोनारांच्या अभंगात मूस आणि हातोडा आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात राबताना त्या खानदेशातल्या आपल्या बोलीत गाणी रचत. चुलीवरचा तवा आणि विहिरीवरची मोट त्यांच्या गाण्यात आली, कारण रोज समोर तेच होतं. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. ती बोली ज्यांची नाही, त्यांनाही ती गाणी आपली वाटली.

मग एक साचा हातात घ्या

साच्याने आवाज दबतो असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मोकळ्या मैदानात आपण सवयीच्या वाटेनेच चालतो. साचा अडवतो, तेव्हा नवा शब्द शोधावा लागतो. मराठीत सुरुवातीला सगळ्यात चांगला साचा मोठ्या अभंगाचा: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. बोटांवर मोजता येतो.

माझा पहिला प्रयत्न असा होता:

तुराट्यांचा धूर
चुलीपाशी दाटे
मन माझे वाटे
उदासले

अक्षरं बरोबर आहेत. पहिली ओळ माझी आहे, कारण आमच्या चुलीत तुराट्याच जळायच्या. तिसरी ओळ आली आणि मी घर सोडून पुस्तकात गेलो. 'मन उदास' हे आईच्या चुलीपाशी कुणी कधी म्हणालं नव्हतं. मला तिकडे ढकललं ते यमकाने. मराठीत क्रियापदांची रूपं सारखी संपतात: दाटे-वाटे, जातो-येतो, होती-नव्हती. असं यमक फुकट मिळतं आणि फुकट मिळालेलं यमक अर्थ आपल्या मागे ओढत नेतं. म्हणून नियम करा: निदान पहिल्या दहा गाण्यांत क्रियापदांचं यमक घ्यायचं नाही, नामांचं घ्यायचं.

दुसरा खर्डा:

तुराट्यांचा जाळ
भाकरीची पाठ
पदराला गाठ
दोन नोटा

आता भावनेचं नाव कुठेच नाही, पण आई दिसते. पदराच्या गाठीत किती पैसे आहेत हे कळलं की घरातलं बाकीचं ऐकणाऱ्याला कळतं. या चार ओळींना मला आठ दिवस लागले. तुम्हालाही लागू द्या.

तोंडाने लिहा

गाणं कागदावर वाचून तपासता येत नाही. जात्यावरची ओवी हात फिरत असताना जुळायची. जात्याच्या फेऱ्याला ओळ बसली नाही तर ती टिकायचीच नाही. तुम्हीही चालताना, भांडी घासताना, स्कूटरवर ओळ गुणगुणा आणि फोनवर रेकॉर्ड करा. जीभ जिथे अडखळते तिथे खूण करा.

दोन गोष्टींकडे कान द्या. एक, ओळीच्या शेवटचा स्वर. जिथे चाल थांबून लांबते, तिथे 'आ' किंवा 'ओ' असला की गळा मोकळा राहतो. 'दोन नोटा' ऐवजी 'नोटा दोन' म्हणून पाहा. शेवटी 'न'वर आवाज बंद होतो. दुसरं, बोलताना ज्या शब्दावर जोर देता, तो गाताना तालाच्या ठोक्यावर येतोय का? तो 'ची' किंवा 'ला'वर पडला की वाक्य परक्याने बोलल्यासारखं वाटतं.

स्वतःची चाल सुचत नसेल, तर आवडत्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बांधा. भजनी मंडळं हे कायम करतात. शब्द पक्के झाले की ती चाल सोडून द्या, शब्द दोन दिवस नुसते बोला आणि बोलण्याच्या चढउतारातूनच नवी चाल काढा. हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी सराव आहे.

'मी' सोडून पाहा

आपला आवाज म्हणजे प्रत्येक गाण्यात 'मी' हवा असं नाही. लावणी रचणारे पेशवाईतले अनेक शाहीर पुरुष होते आणि लावणीत बोलते ती बाई. गदिमांनी 1955-56 साली पुणे आकाशवाणीसाठी 'गीतरामायण' लिहिलं, त्यातली 56 गाणी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडची आहेत. तरी शब्दांची ठेवण एकाच माणसाची, हे लगेच ओळखू येतं. एक गाणं शेजारणीच्या तोंडून लिहा, एक बस कंडक्टरच्या. तुमचं काय उरतं ते तेव्हा दिसतं. (ती गाणी आठवड्याला एक या गतीने आली. आठवड्याचा वार ठरवून घेणं मलाही फळलं.)

शेवटी ज्याचं त्याला ऐकवा

गाण्याच्या जाणकारांना नंतर. आधी ज्याच्या घरातून, ज्याच्या कामातून शब्द उचललेत, त्या माणसाला म्हणून दाखवा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. 'यात खोटं काय आहे?' असं विचारा आणि गप्प बसा.

मी ते चार चरण आईला म्हणून दाखवले. तिने तुराट्यांना मान हलवली, भाकरीला हलवली आणि शेवटच्या ओळीला मला थांबवलं. "नोटा कुठून येतील रं? चार आणे असायचे गाठीला."

चार आणे. मोजलं तर चारच अक्षरं. 'नोटा'तला मोकळा 'आ' गेला आणि 'ए' आला, म्हणून शेवटचा सूर थोडा खाली घेऊन चाल पुन्हा बांधली.